बरणीचे बूड वाचा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत भंगारवाला आला होता. काकूंनी कोनाड्यातली लोणच्याची जुनी बरणी बाहेर काढली. वरून तपकिरी, खालून पांढरट, चांगली जड. भंगारवाला म्हणाला, "मावशी, हिच्यावर प्लास्टिकचे दोन डबे देतो." काकू डबे घ्यायला तयारच होत्या. मी ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, "काकू, तुम्ही साक्षरतेच्या वर्गाला जाता ना? मग बरणी पालथी करा अन् बुडाला काय लिहिलंय ते आधी बघा."

बरणी पालथी केली. बुडाला तेलाचा थर बसला होता. ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा खाली दाबून उमटवलेली अक्षरे दिसली. ती इंग्रजी होती. काकूंच्या नातवाने एकेक अक्षर जोडून वाचले, "मोरबी."

आता मोरबी कुठे अन् आपला बीड जिल्हा कुठे! मोरबी हे सौराष्ट्रातले गाव. तिथे आणि जवळच्या थान, वांकानेर या गावांत विसाव्या शतकात अशा बरण्यांचे कारखाने निघाले. परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांनी त्या भागात चिनी मातीचे कारखाने उभारले होते. म्हणजे काकूंची बरणी विलायती नव्हे, देशी. फार पुरातनही नव्हे. पण दोन डब्यांत घालवण्यासारखीही नव्हे.

ही बरणी आणि आपला माठ, दोन्ही मातीचेच. फरक भट्टीच्या आचेत आहे. माठ कमी आचेवर भाजतात, म्हणून तो पाझरतो. बरणी बाराशे अंशांच्या आसपास तापवतात. तेवढ्या आचेत माती दगडासारखी घट्ट होते. तिच्यात मीठ, तेल, आंबट काही मुरत नाही. पूर्वी असली मोठी भांडी ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून जहाजाने येत. त्या गावावरून त्यांना मर्तबान म्हणू लागले. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून सापडतो.

बरणी घरी असेल तर बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहा. खणखणीत वाजली तर धड आहे. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, मग तो दिसो वा न दिसो. अंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसले तर तिची झिलई मिठाची आहे. भट्टी पेटलेली असतानाच आत मीठ टाकत, त्याची वाफ मातीला धरी आणि काच चढल्यासारखी होई. ही जुनी रीत आहे. बुडाला नुसते कारखान्याचे नाव न असता देशाचेही नाव असेल, तर ती बहुधा १८९१ नंतरची समजावी. त्या साली अमेरिकेने परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि विलायतेचे कारखाने ते घालू लागले.

आता काचेच्या बाटल्या. अंबाजोगाईचे जुने नाव मोमिनाबाद. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली घोडदळाची छावणी होती. जिथे छावणी तिथे सोडा, औषधे आणि दारू यांच्या बाटल्या आल्याच. म्हणून त्या बाजूला विहीर किंवा पाया खणताना बाटली निघाली तर फावड्याने उडवून देऊ नका.

बाटलीच्या अंगावर दोन बाजूंना बारीक रेघ असते. ती साच्याची शिवण. नख फिरवून पाहा. शिवण गळ्यापाशीच संपली आणि तोंड जरा वाकडेतिकडे असले, तर तोंड कारागिराने हाताने केले आहे. शिवण थेट ओठावरून गेली तर बाटली यंत्राची. बाटल्या करणारे यंत्र अमेरिकेत १९०३ साली निघाले. पण आपल्याकडे हाताचे काम पुढेही पुष्कळ वर्षे चालले, तेव्हा नुसत्या शिवणीवर वय ठरवू नये.

गोटीसोड्याच्या बाटलीबाबत तर हमखास फसायला होते. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने ती १८७२ च्या सुमारास काढली. आतल्या वायूच्या जोराने गोटी वर येऊन गळ्यातल्या रबराला घट्ट बसते. दुसरे बूच लागतच नाही. पोरे गोटीसाठी बाटल्या फोडीत, (मीही फोडल्या आहेत), म्हणून जुनी धड बाटली क्वचित मिळते. पण तसल्या बाटल्या आजही आपल्या देशात होतात. गोटी दिसली की जुनी, असे नाही. काचेत कोरल्यासारखी उठावाची अक्षरे आहेत का, कोणत्या गावाचे नाव आहे, ते वाचावे.

तळेगाव दाभाडे किंवा ओगलेवाडी हे नाव कुठे काचेवर आढळले तर ते जपावे. अंताजी काळे यांनी माणसामागे एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घराघरांत होता.

मी स्वतः एकदा चुकलो. एका शाळेत मी नोकरीला असताना कपाटाच्या तळाशी मातीची तपकिरी बाटली सापडली. चोच असलेली, शाईची. पूर्वी शाई अशा बाटल्यांतून येई. अंगावर अक्षरे होती. मी ती न वाचताच केराबरोबर बाहेर टाकायला सांगितली. मी हेडमास्तर! आजही ती गोष्ट खुपते.

किमतीचे म्हणाल, तर नुसत्या वयाला पैसे मिळत नाहीत. वस्तू धड हवी, अक्षरे स्पष्ट हवीत, आणि तशा फार शिल्लक नसाव्यात. कपच्या उडाल्या की भाव उतरतो. राखेने किंवा वाळूने घासू नका, झिलई जाते. कुणी "लाखाची आहे, आधी हजार रुपये भरा" म्हणाला तर दाराबाहेरच उभा करा. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा कायदा लागतो. त्या खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत.

आणखी एक. जमिनीतून निघालेली बाटली कितीही धुतली तरी तिच्यात पाणी, तेल भरू नका. अंगावर उभ्या कंगोऱ्यांची बाटली असेल तर जास्तच जपा. अंधारात हाताला कळावे म्हणून विषाच्या बाटल्यांना असे कंगोरे ठेवीत.

पुण्याला गेलात तर दिनकर केळकरांचे संग्रहालय बघून या. त्यांनी आपल्यासारख्यांच्या घरातले दिवे, अडकित्ते, भांडी जन्मभर जमवली आणि १९७५ साली सगळे सरकारला देऊन टाकले.

काकूंनी बरणी दिली नाही. बुडावरचे नाव मात्र त्यांनी वर्गाच्या वहीत मराठीत लिहून घेतले, 'मोरबी', 'र' विसरून आधी 'मोबी', मग खोडून पुन्हा. यंदा बरणीत कैरीचे लोणचे घातले आहे. ते संपेपर्यंत ती काही पालथी करता यायची नाही.