बाजेवरून खाली सोडलेला पाय

जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालाच्या, लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात भट्टीजवळ राबणाऱ्या मजुराच्या, किंवा अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागेत खपणाऱ्या सालगड्याच्या घरी मध्यरात्री कोणी डोकावले, तर एखाद्या ठिकाणी असे दिसण्याचा संभव आहे की, घरातील सगळी माणसे निजली आहेत आणि पस्तिशी-चाळिशीतला एक पुरुष मात्र बाजेवर उठून बसला आहे, त्याने एक पाय खाली सोडला आहे आणि वाकून, पाऊल दोन्ही हातांनी धरून, तो पहाट होण्याची वाट पाहत आहे. आडवे झाले की पावलात आग उठते आणि पाय लोंबता ठेवला की ती काहीशी निवते, हे त्याचे त्यालाच उमगलेले असते. त्यासाठी कोणा डॉक्टरची गरज पडलेली नसते. कारणही साधे आहे. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून जे थोडके रक्त पावलापर्यंत पोचते त्याला पाय खाली असताना गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते, आणि अंथरुणावर पाय सरळ केला की तेवढीही मदत सरते. या दुखण्याला वैद्यकाच्या दप्तरी ‘बर्जरचा रोग’ असे नाव आहे, आणि रक्तवाहिन्यांच्या दाहाने होणाऱ्या विकारांच्या, म्हणजे ज्यांना डॉक्टर मंडळी ‘व्हॅस्क्युलायटिस’ म्हणतात त्यांच्या, मोठ्या कुळातलाच तो एक आहे. मात्र कुळातील इतर भावंडांच्या वाट्याला संशोधनाचे जे वैभव आले ते याच्या वाट्याला आले नाही.

या कुळाची थोडी हकिकत सांगितली पाहिजे. शरीराचे रक्षण करण्यासाठी नेमलेली यंत्रणा जेव्हा आपल्याच रक्तवाहिनीच्या भिंतीवर चाल करून जाते, तेव्हा ती भिंत सुजते, आतला मार्ग आकुंचित होतो, क्वचित भिंत दुबळी होऊन फुगते किंवा फुटते, आणि त्या वाहिनीवर ज्या अवयवाचे पोषण अवलंबून असेल तो अवयव उपाशी पडतो. कुस्मौल आणि मायर या दोघा जर्मन वैद्यांनी १८६६ साली अशा एका रुग्णाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले; तो सत्तावीस वर्षांचा शिंपी होता. पुढे रोगांची संख्या वाढत गेली, नावांचा गोंधळ माजला, आणि अखेर अमेरिकेतील चॅपेल हिल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी प्रथम १९९४ साली व नंतर २०१२ साली, वाहिनी मोठी, मध्यम की सूक्ष्म, या कसोटीवर त्यांची नामावली बांधून दिली. महाधमनी व तिच्या शाखा पकडणारा, बहुधा तरुण स्त्रियांना होणारा ताकायासूचा रोग तीत आहे. लहान मुलांच्या हृदयाच्या धमन्यांना फुगवणारा कावासाकीचा रोग तीत आहे. फुप्फुस आणि मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म वाहिन्यांवर घाला घालणारे रोग तीत आहेत. बर्जरच्या रोगाला मात्र त्या नामावलीत स्वतंत्र जागा नाही. त्याची कारणे शास्त्रीय असतील, त्याबद्दल वाद घालण्याचा आपला अधिकार नाही; परंतु ज्याची नोंद मुख्य दप्तरात नाही त्याच्याकडे साहेबाचे लक्ष उशिरा जाते, हा अनुभव तहसील कचेरीत खेटे घातलेल्या प्रत्येकाला आहे.

सूक्ष्म वाहिन्यांच्या दाहाची कहाणी ही आधुनिक वैद्यकाच्या यशाची कहाणी होय. १९५८ साली वॉल्टन नावाच्या इंग्रज वैद्याने अशा रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा निदानानंतर त्यांचे आयुष्य सरासरी पाच महिन्यांचे भरले, आणि शेकडा ब्याऐंशी रुग्ण वर्षाच्या आत दगावले होते. नंतर सायक्लोफॉस्फामाइड हे जालीम औषध आले. त्याने माणसे वाचू लागली, पण मूत्राशयातून रक्त जाणे, वंध्यत्व आणि पुढे कर्करोग अशी जबर किंमत ते वसूल करीत असे. म्हणून संशोधकांचा प्रश्न हळूहळू बदलला: रुग्ण जगेल काय, हे विचारून भागेना, तो कोणत्या अवस्थेत जगेल, हे विचारणे भाग पडले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १९७ रुग्णांवरील एका चाचणीत रिटुक्सिमॅब हे नवे औषध जुन्या सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीस तोड ठरले. आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची देशी आवृत्ती २००७ सालीच बाजारात आणली होती, ही गोष्ट आपल्याकडील रुग्णाच्या दृष्टीने चाचणीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. २०२० साली ‘पेक्सिव्हास’ या ७०४ रुग्णांच्या चाचणीने आणखी एक उपयुक्त धडा दिला: स्टेरॉइडचा डोस बराच कमी केला तरी मृत्यू अथवा मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण वाढत नाही, आणि गंभीर जंतुसंसर्ग मात्र घटतात. औषध अधिक द्यावे की कमी, याचा निवाडा करण्यासाठी इतकी वर्षे आणि इतके देश खर्ची पडावेत, हे वरवर पाहता विचित्र वाटते. पण ज्याचा चेहरा स्टेरॉइडने सुजला आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत आणि साखर वाढली आहे, त्याला त्यात काहीच विचित्र वाटणार नाही.

आपल्या देशाचा या कामातील वाटाही उपेक्षणीय नाही. ताकायासूच्या रोगात दाह चालू आहे की शमला आहे, हे रुग्णाला तपासून, नाड्या चाचपून आणि रक्तदाब मोजून गुणांकाने ठरविण्याची जी भारतीय पद्धती लखनौ, वेल्लोर इत्यादी ठिकाणच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून तयार केली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि परदेशांतही वापरली जाते. महागड्या यंत्रावाचून बोटांनी करता येणारी अशी परीक्षा भारतीय वैद्यांना सुचावी, यात नवल नाही. दुसरीकडे, ज्या मुलखात खोकल्यातून रक्त पडले की प्रथम क्षयाचीच शंका येते, आणि ती बहुतेक वेळा खरीही ठरते, तेथे फुप्फुसाच्या वाहिन्यांचा दाह झालेल्या एखाद्या दुर्दैवी रुग्णाला क्षयाची औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय साहित्यात वारंवार नमूद झाली आहेत. यात डॉक्टरांचा दोष काढणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे.

आता पुन्हा त्या पायाकडे वळू. फेलिक्स फॉन विनिवार्टर या ऑस्ट्रियन शस्त्रवैद्याने १८७९ साली अशा एका कापलेल्या पायाचे वर्णन केले, आणि न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर याने १९०८ साली अकरा कापलेले अवयव तपासून रोगाचे स्वरूप निश्चित केले. म्हणजे या रोगाचे ज्ञानच मुळी गमावलेल्या पायांवर उभे आहे. त्यात मध्यम व लहान धमन्या, त्यांच्या शेजारच्या शिरा, क्वचित मज्जातंतूही, दाहाने वेढले जातात. वाहिनीच्या आत पेशींनी ठासून भरलेली रक्ताची गुठळी बसते, पण भिंतीचा सांगाडा बव्हंशी शाबूत राहतो. चरबी साठून धमन्या कठीण होण्याचा जो उतारवयातील विकार आहे, त्याहून हा अगदी निराळा. एक्स-किरणांच्या चित्रात बंद पडलेल्या वाहिनीभोवती रक्ताने नवे मार्ग शोधलेले दिसतात, ते मळसूत्रासारखे पीळ घेत गेलेले असतात.

आणि हा रोग तंबाखूवाचून जवळजवळ होतच नाही. जपानी शस्त्रवैद्य शिओनोया यांनी निदानाच्या ज्या कसोट्या घालून दिल्या त्यांत धूम्रपान ही पहिली, पन्नाशीपूर्वी सुरुवात ही दुसरी, आणि गुडघ्याखालच्या धमन्या बंद असणे ही तिसरी. पायांच्या धमन्या बंद पडलेल्या रुग्णांपैकी पश्चिम युरोपात शेकडा अर्धा ते साडेपाच, तर भारतात शेकडा ४५ ते ६३ रुग्ण या रोगाचे असल्याचे आकडे जुन्या अभ्यासांतून वारंवार उद्धृत केले जातात. ते मोठ्या रुग्णालयांतील असल्याने त्यांना गावोगावची शिरगणती समजू नये. तथापि अंतर एवढे आहे की ते नजरेआड करता येत नाही. बांगलादेशातील एका तुलनात्मक अभ्यासात सिगारेटपेक्षा बिडी ओढणाऱ्यांना हा धोका अधिक आढळला. तेंदूचे पान सच्छिद्र नसते, बिडी पुन्हा पुन्हा विझते, ती पेटती ठेवण्यासाठी झुरके जलद आणि खोल घ्यावे लागतात, आणि त्यामुळे तंबाखू मोजका असूनही विष भरपूर आत जाते.

रोगाची चाल फसवी असते. प्रथम चालताना पावलाचा चवडा भरून येतो आणि थांबले की उतरतो. मजूर म्हणतो, चप्पल चावली असेल. मग बोट गार पडते, नखाच्या कडेला जखम होते, ती महिनाभर भरत नाही. गावचा डॉक्टर साखर तपासतो, साखर नसते, आणि येथेच पुष्कळांचा तपास थांबतो. वस्तुतः करण्यासारखी परीक्षा पाच मिनिटांची आहे. पावलाच्या वरच्या अंगाची आणि आतल्या घोट्यामागची, अशा दोन नाड्या बोटांनी चाचपाव्यात. मग रुग्णाला निजवून दोन्ही पाय वर धरावेत. ज्या पायाची वाहिनी बंद आहे त्याचा तळवा मिनिटभरात मेणासारखा पांढरा पडतो, आणि तोच पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडला की सावकाश जांभळट लाल होतो. दुसऱ्या पायाचा रंग तसाच राहिला, तर हा फरक रुग्णाच्या बायकोलाही कोणी न सांगता दिसतो.

इलाजाच्या बाबतीत संशोधनाचा निर्णय इतका स्पष्ट आहे की तो रुक्ष वाटावा. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील ११२ रुग्णांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान सोडलेल्यांपैकी शेकडा पाचांनाच पुढे अवयव गमवावा लागला, चालू ठेवणाऱ्यांपैकी शेकडा त्रेचाळीसांना. अवयव वाचविण्याच्या बाबतीत जगातील कोणत्याही औषधाने या रोगात एवढा फरक करून दाखविलेला नाही. इलोप्रॉस्ट नावाचे औषध शिरेतून रोज सहा तास, महिनाभर देऊन पाहिले तेव्हा शेकडा ८५ रुग्णांना जखम भरण्यात किंवा वेदनेत आराम पडला, ॲस्पिरिनवर असलेल्यांपैकी शेकडा सतरांनाच. पण रोजंदारीवरच्या माणसाने महिनाभर बाटली लावून पडून राहायचे कसे, याची तजवीज त्या निबंधात नव्हती. कमरेतील मज्जातंतूंची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया पूर्वीपासून चालत आली आहे. बंगळूरच्या एका कंपनीने निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी पोटरीच्या स्नायूत टोचण्याचा उपचार काढला, त्याला २०१६ साली मर्यादित परवानगीही मिळाली. परंतु त्यामागची ९० रुग्णांची चाचणी, कोणाला काय मिळाले हे सर्वांना ठाऊक असलेली अशी होती. तेव्हा पुरावा अधिक कडक असता तर बरे झाले असते, असे म्हणणे भाग आहे.

माझी तक्रार निराळीच आहे. केसपेपरवर ‘बिडी बंद’ असे दोन शब्द लिहिले की उपचार पूर्ण झाला, अशी समजूत रूढ झाली आहे. ती सोडायची कशी, याचे संशोधन या रुग्णांपुरते फारच तोकडे आहे, आणि तेथे एक पेचही आहे: निकोटिनच्या पट्ट्या व गोळ्या, ज्या इतरांना उपकारक ठरतात, त्या या रोगात दाह धुमसत ठेवू शकतात, म्हणून सोडायची ती पुरतीच. त्यातून महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा मळलेली तंबाखू, मिश्री यांचाच प्रघात मोठा. बिडी टाकली आणि चुना-तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली, तर नवऱ्याने व्यसन सोडले असे घरच्यांना वाटते, धमनीला मात्र वाटत नाही. समजावण्यास माणूस पाहिजे, सवड पाहिजे, पुन्हा पुन्हा भेट पाहिजे. आठ तालुक्यांच्या जालना जिल्ह्यातील गुंतागुंतीचे रुग्ण औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगरच्या, घाटी रुग्णालयाकडे पाठविले जातात. तेथे बाह्यरुग्ण विभागातील रांग पाहिली की एका रुग्णाला किती मिनिटे मिळत असतील याची कल्पना येते. शिवाय मंठा, परतूर, घनसावंगीकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीला पश्चिम महाराष्ट्रात जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तीन महिन्यांनी या, अशी मुदत ज्यांना दिली ते त्या मुदतीला कोण्या कारखान्याच्या फडात कोयता चालवीत असतात. अशा माणसांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा अभ्यास आखायचा तर टोळीच्या मुकादमाशी आणि उसाच्या हंगामाशी जुळवून घ्यावे लागेल, आणि चाचण्यांचे नियम लिहिणाऱ्या मंडळींना मुकादम ही संस्था परिचित नाही.

परदेशात गेल्या काही वर्षांत रक्तवाहिनीदाहाच्या रुग्णांनाच विचारून, त्यांना काय सर्वाधिक सतावते याच्या प्रश्नावल्या बनविल्या गेल्या आहेत, आणि त्यांत डॉक्टरांच्या लेखी गौण असलेला थकवा पुष्कळांनी वरच्या क्रमांकावर घातला. आपल्या हमालाला कोणी तसे विचारले तर तो बहुधा झोपेचे आणि मजुरीचे नाव घेईल, आणि कदाचित दाखल्याचेही. दिव्यांगांच्या बहुतेक सवलतींसाठी कायद्याने शेकडा चाळीस अपंगत्व भरावे लागते. पायाची एक-दोन बोटे गेल्याने ते भरत नाही, पण तेवढ्याने पाठीवर क्विंटलभर ओझे घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे कायमचे सुटते. वैद्यकीय मंडळापुढे रुजू झालेला असा माणूस बारा टक्क्यांचा कागद घेऊन परत येतो, आणि दुसऱ्या दिवशी मोंढ्यात पोती शिवण्याचे, बसून करायचे, निम्म्या मजुरीचे काम मिळते का ते विचारीत फिरतो.