दोघांचे भांडण, तिसऱ्याची मुस्कटदाबी

गेल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीत एका वयोवृद्ध शाहिरांनी स्वतः रचलेले गीत गायिले. पोरांनी ते मोबाईलवर टिपले आणि यूट्यूबवर टाकले. काही तासांतच निरोप आला की, या गाण्याचा हक्क एका कंपनीकडे असून जाहिरातीचे उत्पन्न तिला मिळेल. १९९८ च्या सुमारास शाहिरांनी हे गाणे एका कॅसेट कंपनीला थोडक्या पैशांत दिले होते. कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांना कोणी वाचूनही दाखविले नव्हते. शब्द शाहिरांचे, चाल शाहिरांची, गळा शाहिरांचा आणि मालक भलताच! हा न्याय आला कोठून?

याचे मूळ अमेरिकेत आहे. तेथील १९९८ च्या कायद्याने संकेतस्थळांना एक ढाल दिली. लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मालकाची तक्रार आली आणि तो तत्काळ काढला, तर संकेतस्थळ दोषी नाही. २००५ साली सुरू झालेले यूट्यूब याच ढालीआड वाढले. २००६ च्या फेब्रुवारीत एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने आपल्या कार्यक्रमातील गाजलेले गाणे तेथून काढायला लावले. जूनमध्ये त्याच कंपनीने त्याच यूट्यूबशी करार केला! त्याच वर्षी गुगलने १६५ कोटी डॉलरला यूट्यूब विकत घेतले.

मार्च २००७ मध्ये व्हायाकॉम कंपनीने यूट्यूबवर शंभर कोटी डॉलरचा दावा ठोकला. आमच्या सुमारे १ लाख ६० हजार चित्रफिती परवानगीविना दाखविल्या गेल्या, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयात कागदपत्रे उघडी पडली तेव्हा दोघांचेही पितळ उघडे पडले. चोरीचा माल येतो आहे, हे यूट्यूबवाल्यांना ठाऊक असल्याचे त्यांच्याच ई-मेलमधून दिसले. तर व्हायाकॉमची माणसेच प्रसिद्धीसाठी गुपचूप चित्रफिती चढवीत होती, असे यूट्यूबने न्यायालयात सांगितले. सात वर्षे खटला चालला आणि मार्च २०१४ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. अटी जाहीर झाल्या नाहीत. आपल्याकडे टी-सीरिजनेही २००७ मध्ये यूट्यूबला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले होते. पुढे तेथेही समेट झाला, आणि २०१९ मध्ये टी-सीरिजचीच वाहिनी यूट्यूबवर जगात सर्वाधिक वर्गणीदारांची ठरली.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. येथे दोघांनी भांडून शेवटी वाटणी केली आणि तिसरा नागवला गेला. या भांडणाच्या काळातच, २००७ मध्ये, यूट्यूबने ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा आणली. नोंदविलेल्या गाण्याशी वा चित्रफितीशी जुळणारे काही दिसले की, यंत्र आपोआप दावा लावते. कंपनी ती चित्रफीत बंद करू शकते किंवा तिचे उत्पन्न घेऊ शकते. मात्र या यंत्रणेत थेट प्रवेश बड्या हक्कधारकांनाच. वस्तीतल्या शाहिराला तेथे दार नाही.

यूट्यूबच्याच अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहामाहीत असे ७२ कोटींहून अधिक दावे झाले. त्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी दाव्यांना लोकांनी हरकत घेतली. पण ज्यांनी हरकत घेतली, त्यांपैकी साठ टक्के जिंकले! याचा अर्थ चळवळीने नीट समजून घ्यावा. बाकीचे सारे दावे खरे होते म्हणून लोक गप्प बसले, असे आम्ही मानत नाही. अनेकांना भीती वाटली, कित्येकांना भाषा कळली नाही आणि कित्येकांना आपल्याला हक्क आहे हेच ठाऊक नव्हते.

कॉपीराईटची रीतसर नोटीस तर याहून जड. नव्वद दिवसांत तीन नोटिसा टिकल्या की, वाहिनीच बंद होऊ शकते. वर्षानुवर्षे जमविलेली भाषणे, मोर्चे, जलसे एका फटक्यात नाहीसे! अत्याचाराच्या बातमीची चार सेकंदांची दृश्ये दाखवून तिच्यावर टीका करणाऱ्या आमच्या तरुणांच्या डोक्यावर ही तलवार कायम टांगलेली आहे.

मग करायचे काय? रडत बसायचे नाही. भारतीय कॉपीराईट कायद्याचे कलम ५२ टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी रास्त वापराची मुभा देते. तिचा आधार घेऊन हरकत नोंदवा. कलम १९ सांगते की, हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी हवे आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरावी. कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण तिचे असेल, पण शब्द आणि चाल अजूनही तिचीच आहे काय? शाहिरांनी आपले जुने कागद शोधावेत, चळवळीतल्या वकिलांनी ते तपासावेत. आमच्या शाहिरांचा कागद आम्ही शोधतो आहोत.

आणि मूळ चित्रफिती स्वतःजवळ जपून ठेवा. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हा इतिहास आपण विसरलेलो नाही. बाबासाहेब दुसऱ्याच्या पानावर जागा मागत थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचे पत्र काढले, पुढे स्वतःचा छापखानाही उभा केला. यूट्यूब हे परक्याचे घर आहे. तेथे जरूर बोलावे, पण आपली पेटी तेथे ठेवू नये.