मेघ-संगणनातील आभासी यंत्रास दुसरे नेटवर्क कार्ड जोडणे : कमांड लाइनद्वारे करावयाची प्रक्रिया

प्रस्तावना :

महाविद्यालयाचा सर्व्हर संगणक विभागाच्या खोलीत होता, तेव्हा त्यास दुसरे नेटवर्क कार्ड जोडणे म्हणजे डबा उघडून कार्ड खाचेत बसविणे होय. सर्व्हर क्लाउडवर गेल्यानंतर हेच कार्य काही आज्ञा टंकून होते. मोर्शीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसून ते करता येते, कारण प्रत्यक्ष यंत्रे पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे आपली केंद्रे सुरू केली. मायक्रोसॉफ्टच्या यादीतील ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे होय, हे वऱ्हाडातील वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. मध्य भारत म्हटले की त्याची नजर नकाशावर भलतीकडेच जाईल.

दुसऱ्या कार्डाने वेग दुप्पट होतो हा समज चुकीचा आहे. बँडविड्थ यंत्राच्या आकारमानावर ठरते. खरा लाभ विभाजनाचा आहे. विद्यार्थ्यांसाठी खुले असलेले प्रवेश-संकेतस्थळ एका सबनेटवर आणि गुणपत्रकांचा डेटाबेस व व्यवस्थापकाचे लॉगिन दुसऱ्या, बंदिस्त सबनेटवर ठेवता येते. दोन्हींचे सुरक्षा-नियमही वेगळे राहतात.

प्रक्रिया :

अझ्युरमध्ये प्रथम ‘एझेड नेटवर्क निक क्रिएट’ या आज्ञेने कार्ड निर्माण करावे. ते यंत्राच्याच आभासी नेटवर्कमध्ये असणे अनिवार्य आहे. सबनेट मात्र वेगळे चालते. त्यानंतर यंत्र बंद करावे लागते, आणि येथेच गफलत होते. ‘एझेड व्हीएम स्टॉप’ने केवळ कार्यप्रणाली थांबते, यंत्र राखीवच राहते व आकारणीही चालू राहते. आवश्यक आज्ञा ‘एझेड व्हीएम डीअ‍ॅलोकेट’ ही आहे. मात्र तिच्यामुळे तात्पुरत्या डिस्कवरील माहिती नष्ट होते. कोणी सोय म्हणून परीक्षेच्या फाइल त्या डिस्कवर ठेवल्या असतील, तर त्या परत मिळणार नाहीत. म्हणून ही आज्ञा देण्यापूर्वी त्या डिस्कची तपासणी करावी. पुढे ‘एझेड व्हीएम निक अ‍ॅड’ आणि ‘एझेड व्हीएम स्टार्ट’ या दोन आज्ञा पुरेशा होतात. किती कार्डे जोडता येतील, ही मर्यादा यंत्राच्या आकारमानानुसार ठरलेली असते.

अ‍ॅमेझॉनच्या सेवेत चालू यंत्रासही कार्ड जोडता येते. ‘क्रिएट नेटवर्क इंटरफेस’ने ते निर्माण करून ‘अटॅच नेटवर्क इंटरफेस’ने जोडावे व उपकरण-क्रमांक १ द्यावा, ० हा मूळ कार्डाचा असतो. कार्ड आणि यंत्र एकाच अ‍ॅव्हेलेबिलिटी झोनमध्ये हवेत. टी३ मायक्रो या लहान यंत्रास एकूण दोनच कार्डे चालतात. दुसरे कार्ड जोडलेले यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यास त्यास आपोआप मिळणारा सार्वजनिक पत्ता पुन्हा मिळत नाही. संकेतस्थळ त्या पत्त्यावर असल्यास ते अदृश्य होते. यासाठी आधीच इलॅस्टिक आयपी घ्यावा. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यास ताशी ०.००५ डॉलर आकार पडतो.

गूगलच्या सेवेत नेहमीची कार्डे यंत्र निर्माण करतानाच ठरवावी लागतात. नंतर जोडता येणारी ‘डायनॅमिक’ कार्डे हा अलीकडचा पर्याय आहे.

परतीचा मार्ग :

कार्ड जोडले, पत्ता मिळाला, तरी दुसऱ्या सबनेटवरून संपर्क होत नाही, अशी स्थिती बहुधा उद्भवते. अझ्युर डीफॉल्ट गेटवे केवळ प्राथमिक कार्डास देते. विनंती दुसऱ्या कार्डाने आत येते, परंतु लिनक्स उत्तर पाठविताना डीफॉल्ट मार्ग, म्हणजे पहिले कार्ड निवडते. उत्तरावर प्रेषक म्हणून पत्ता दुसऱ्याचा आणि वाट पहिल्याची. असे पॅकेट क्लाउडचे नेटवर्क पुढे जाऊ देत नाही. सुरक्षा-नियम कितीही सैल केले तरी हा दोष जात नाही. उलट ते सैल केल्याने सर्व्हर मात्र उघडा पडतो.

उपाय मार्ग-कोष्टकाचा आहे. दुसरे सबनेट १०.०.२.०/२४ व कार्डाचा पत्ता १०.०.२.५ असल्यास गेटवे १०.०.२.१ असतो. ‘आयपी रूट अ‍ॅड’ने स्वतंत्र कोष्टकात, समजा क्रमांक २०० मध्ये, या गेटवेचा डीफॉल्ट मार्ग नोंदवावा आणि ‘आयपी रूल अ‍ॅड’ने १०.०.२.५ वरून निघणाऱ्या पॅकेटांना तेच कोष्टक लागू करावे. या नोंदी यंत्र पुन्हा सुरू होताच पुसल्या जातात. उबुंटूमध्ये त्या नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहाव्या लागतात. अ‍ॅमेझॉन लिनक्स २०२३ मध्ये ही व्यवस्था आपोआप होते.

पडताळणी ‘आयपी रूट गेट’ या आज्ञेस प्रेषक-पत्ता देऊन करावी. तीत दुसऱ्या कार्डाचे नाव आले पाहिजे. त्यानंतर यंत्र एकदा पुन्हा सुरू करून, त्याच सबनेटमधून नव्हे तर बाहेरील सबनेटमधून संपर्क तपासावा, आणि हे सारे प्रवेशाच्या हंगामापूर्वी उरकावे.