घरचाच डीएनए परका ठरतो तेव्हा

विषाणूचा डीएनए आणि आपला डीएनए एकाच चार अक्षरांत लिहिलेला असतो. मग पेशी त्यांतला फरक ओळखते कशी? वर्गात जरूर विचारावा असा हा प्रश्न आहे.

आपण मेंदूचे उदाहरण घेऊ. मेंदूत चेतापेशींच्या जवळपास तितक्याच इतर पेशी असतात. त्यांत मोठा भाग आधारपेशींचा, म्हणजे ग्लियांचा. ‘ग्लिया’ म्हणजे सरस. १८५६ साली फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव रूढ केले. पण या पेशी नुसता सरस नव्हेत. त्यांपैकी तारकापेशी चेतापेशींचे पोषण सांभाळतात, तर सूक्ष्मग्लिया मेंदूची राखण करतात.

प्रत्येक पेशीत डीएनएला रोज हजारो लहान इजा होतात आणि बहुतेक दुरुस्तही होतात. दोन्ही धागे एकाच जागी तुटले, तर मात्र धोका मोठा. तुटलेली टोके काही प्रथिने पकडतात आणि ‘एटीएम’ या विकराला जागे करतात. एटीएम इतर प्रथिनांवर फॉस्फेटची खूण चिकटवते. मग पेशीविभाजन थांबते व दुरुस्ती सुरू होते.

दुरुस्ती अपुरी पडली, तर डीएनएचे तुकडे केंद्रकाबाहेर पेशीद्रवात येऊ शकतात. तेथे मोकळा डीएनए एरवी नसतो. असलाच तर बहुधा विषाणूचा. ‘सीजीएएस’ हे प्रथिन तेथे पहारा देते. २०१३ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे जेम्स चेन व सहकाऱ्यांनी ते शोधले. हा पहारेकरी डीएनएची अक्षरे वाचत नाही. डीएनए कोठे आहे, एवढेच पाहतो. केंद्रकात हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेल्या डीएनएसमोर तो गप्प असतो. पेशीद्रवात डीएनए सापडताच तो एक निरोप्या रेणू बनवतो. तो रेणू ‘स्टिंग’ या प्रथिनाला जागवतो आणि पेशी इंटरफेरॉन स्रवून शेजाऱ्यांना सावध करते.

म्हणजेच, वरील प्रश्नाचे उत्तर ‘जागेवरून’ असे आहे. आणि म्हणूनच येथे फसगत होऊ शकते. १९८४ साली एकार्दी आणि गुतिएर या फ्रेंच डॉक्टरांनी काही बालकांचे वर्णन केले. त्यांचा मेंदू विषाणूसंसर्ग झाल्यासारखा दिसे, पण विषाणू सापडत नसे. २००६ मध्ये कळले, की यांतील काही मुलांत भरकटलेला डीएनए साफ करणारे ‘ट्रेक्स१’ हे विकर सदोष असते. धोक्याची घंटा वाजतच राहते आणि मेंदूला इजा होते. हे इंटरफेरॉन बनवण्यात तारकापेशींचा मोठा वाटा आढळला आहे.

इंटरफेरॉनचा निरोप अडवणारी औषधे आता अशा मुलांना दिली जातात. पण घंटा पूर्ण बंद केली, तर खरा विषाणू आल्यावर सावध कोण करणार? ती थांबवायची नाही, तर तिचा आवाज बेताचा ठेवायचा, हेच आज संशोधकांपुढचे काम आहे.