मळ्यातला बंगला आणि बरोबरची कुत्री

बेंगळुरूतील दोन-चार कुटुंबे आपापली कुत्री बरोबर घेऊन काही दिवस शहराबाहेर राहायचे ठरवतात, तेव्हा बहुतेक हॉटेले आपोआप बाद होतात आणि शोध सकलेशपूर, चिकमगळूर व कोडगू येथील कॉफीच्या मळ्यांकडे वळतो. तेथे मळेवाला आपल्या राहत्या घराचा काही भाग किंवा मळ्यातला सबंध जुना बंगला पाहुण्यांना भाड्याने देतो आणि या व्यवस्थेस होमस्टे असे म्हणतात. त्यांपैकी सकलेशपूर बेंगळुरूपासून सुमारे २२० किलोमीटरवर, हासनमार्गे मंगळुरूकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे.

दहा-बारा माणसे आणि तीन-चार कुत्री असतील, तर सुट्या खोल्यांपेक्षा सबंध बंगला घेणे श्रेयस्कर, कारण दुसरे पाहुणे नसले की भुंकण्याची तक्रार उरत नाही. भाडे कधी घराचे, तर कधी माणशी आकारतात, माणशी दरात बहुधा जेवणखाण धरलेले असते आणि कुत्र्यांसाठी वेगळी रक्कम किंवा अनामत घेण्याचीही रीत आहे. हे सारे आगाऊ पैसे पाठवण्यापूर्वी लेखी घ्यावे. रेबीजप्रतिबंधक लशीचा दाखला मालकाने मागावा आणि पाहुण्यांनी तो न मागताही पाठवावा.

जाहिरातीतील ‘कुत्री चालतील’ एवढ्या मजकुरावरून मात्र फारच थोडे कळते. कुत्री घरात झोपतील की मागच्या पडवीत, मळ्यावर कोंबड्या व गुरे आहेत काय, मळ्याची स्वतःची कुत्री किती, या प्रश्नांची उत्तरे राखणदाराकडून ऐकलेली बरी, कारण रोजचा व्यवहार त्याच्याच हाती असतो. घरची कुत्री परक्या कुत्र्याला अंगणात शिरू देत नाहीत, म्हणून त्यांची ओळख फाटकाबाहेर, दोन्हीकडे दोर धरून आणि थोडे बरोबर चालवून करून द्यावी; या कामास अर्धा तास दिला तर पुढचे दिवस सुखाचे जातात.

खोल्यांच्या संख्येआधी विचारण्याचा प्रश्न कुंपणाचा आणि रात्रीचा होय. कॉफीचे झुडूप मोठ्या झाडांच्या सावलीत वाढवले जात असल्याने मळा आणि रान यांच्यातली सीमा दिसत नाही, आणि त्या सावलीतून बिबट्या सहज वावरतो. महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा आढळला होता. तो प्रदेश उसाचा आहे, परंतु निष्कर्ष कॉफीच्या मळ्यातही ध्यानात धरावा असाच आहे. म्हणून अंधार पडल्यावर कुत्र्याला मोकळे सोडू नये, बाहेर बांधून तर मुळीच ठेवू नये, कारण बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. सकलेशपूर व आलूर भागात हत्तींचाही वावर आहे. हत्तीवर भुंकत गेलेला कुत्रा घाबरला की मालकाकडेच धावत परततो आणि मागोमाग हत्ती येतो, तेव्हा पहाटेच्या फेरीपूर्वी कळप कोठे आहे ते मजुरांना विचारावे, आणि कुत्र्याचा दोर दिवसाही हातातून सोडू नये.

पावसाळ्यात जळवा असतात, पण त्या त्रासदायक असल्या तरी फारशा घातक नाहीत. गोचिडांचे तसे नाही. त्यांच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात बाबेसिया हा तांबड्या पेशी फोडणारा परजीवी शिरू शकतो, किंवा एर्लिकिया हा पांढऱ्या पेशींत वाढून रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंची संख्या घटवणारा जिवाणू. माणसालाही धोका आहेच: १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पसरलेला माकडताप गोचिडांमुळेच होतो, आणि कुत्रा आजारी न पडताही अशा गोचिडा अंगावरून घरात आणू शकतो. गोचीड मारणारे औषध जाण्याआधी पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे, आणि प्रत्येक फेरीनंतर कुत्र्याचे कान, काखा, बोटांमधल्या फटी व गळपट्ट्याखालची त्वचा बोटांनी चाचपून पाहावी. सापडलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, हाताने चिरडू नये. कुत्र्यांतील या रोगांची लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी, म्हणजे मंडळी बेंगळुरूला परतल्यावर दिसतात, म्हणून कुत्रा मलूल झाला, खाईनासा झाला किंवा त्याच्या हिरड्या फिकट दिसू लागल्या, तर तो मळ्यावर राहून आल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे आणि रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.