सोंगाड्या, कोतवाल आणि छपरी पलंग

लेखमाला : हशाचा मुलूख – भाग सहावा

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीला जाणारी फेरीबोट यायला उशीर झाला, की मोटारी, दुचाक्या, मासळीच्या पाट्या, गावी आलेले चाकरमानी आणि जंजिरा बघून निघालेले पर्यटक सगळे एकाच रांगेत अडकतात. मग गप्पा निघतात. खड्ड्यांवरून विषय हळूच पुढाऱ्यांवर घसरतो आणि अशा घोळक्यात एखादा तरी नकलाकार निघतोच. तो उभ्या उभ्या मंत्र्याच्या आवाजात भूमिपूजन उरकतो, नारळ फुटल्याचा आवाज तोंडाने काढतो आणि काम प्रगतिपथावर असल्याचे सांगत समोरच्या मोकळ्या खाडीकडे हात करतो. बोट लागली की नक्कल संपते. मंत्री आपली दुचाकी ढकलत बोटीवर चढतो.

गेल्या आठवड्यात शिमग्यातल्या बोंबा आणि फाका पाहिल्या. खोताला आणि सावकाराला तोंडावर वाट्टेल ते बोलायची वर्षाकाठी चार दिवस मुभा, पाचव्या दिवशी पुन्हा जो तो आपापल्या पायरीवर. या वेळचा प्रश्न त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. धक्क्यावरच्या त्या नकलाकाराला लोकांनी खरोखरच मंत्री केले तर?

युक्रेनमध्ये केले. मंत्री कसला, थेट राष्ट्राध्यक्ष. वोलोदिमिर झेलेन्स्की हा क्रिवी रीह या खाण-पोलादाच्या शहरातला मुलगा. शिक्षण कायद्याचे, धंदा मात्र नकलांचा. आपल्या मोहल्ल्याच्या नावावरून त्याने आणि दोस्तांनी फडाचे नाव ठेवले 'क्वार्ताल ९५', म्हणजे पंचाण्णव नंबरची आळी. २०१५ मध्ये त्यांची 'जनतेचा सेवक' ही मालिका आली. त्यात इतिहासाचा एक शिक्षक भ्रष्टाचारावर तावातावाने बोलतो, विद्यार्थी ते चोरून मोबाइलवर टिपतो, चित्रफीत देशभर पसरते आणि मास्तर राष्ट्राध्यक्ष होतात. २०१८ च्या ३१ डिसेंबरला, मध्यरात्रीला काही मिनिटे उरली असताना, मास्तरची भूमिका करणाऱ्या नटाने दूरचित्रवाणीवर खरीखुरी उमेदवारी जाहीर केली. पक्षाचे नाव मालिकेचेच. २१ एप्रिल २०१९ रोजी दुसऱ्या फेरीत त्याला सुमारे ७३ टक्के मते पडली. हरलेले पेत्रो पोरोशेन्को हे चॉकलेटचे कारखानदार होते. हा तपशील कुणा वगलेखकाने रचला असता तर जरा जास्तच झाला म्हणून दिग्दर्शकाने कापला असता.

मराठी वाचकाला मात्र ही गोष्ट कुठे तरी पाहिल्यासारखी वाटायला हवी. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा', मूळ नाव 'छपरी पलंगाचा वग', १९६५ मध्ये रंगभूमीवर आले. कोतवाल मरतो, जागा रिकामी होते. हवालदार आशेवर असतो, पण प्रधानजी तिथे आपल्या माणसाची वर्णी लावतात. डिवचलेला हवालदार मैनावतीला हाताशी धरून नव्या कोतवालाकडून थेट राजाचा छपरी पलंग मागवतो. हवालदार झाले होते दादा कोंडके. नायगावच्या गिरणगावात वाढलेला, बँडपथकातून आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला माणूस. त्या वगात राजा, प्रधान आणि कोतवाल कथेत अडकलेले असतात. हवालदार तेवढा मोकळा. तो मनात येईल तेव्हा कथेतून बाहेर येतो, पुढच्या रांगेतल्या साहेबांशी बोलतो, परत आत जातो. वगनाट्याची सगळी गंमत या ये-जा करण्यात आहे. खुर्चीवर बसलेल्याला ती करता येत नाही.

बतावणी म्हणतात ती हीच. कागदावर तिचा जेमतेम सांगाडा असतो, मांस रोजच्या रोज चढते. प्रयोग ज्या गावात, त्या गावचा सरपंच, तिथली पाण्याची टाकी, सकाळच्या वर्तमानपत्रातली भानगड. दादांच्या 'विच्छा'चे दीड हजारांवर प्रयोग झाले आणि ज्यांनी तो दोनदा पाहिला त्यांनी दोन वेगळी नाटके पाहिली, असेच म्हणावे लागेल. आता यात सरकारची पंचाईत लक्षात घ्या. महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. मंडळ वाचणार काय? जे मंजूर होते ते रंगमंचावर बोलले जात नाही आणि जे बोलले जाते ते कुठे लिहिलेलेच नसते.

सरकारला तमाशाची धास्ती जुनीच. स्वातंत्र्य मिळते न मिळते तोच मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी आणली, मग सुधारणेसाठी दत्तो वामन पोतदारांची समिती नेमली. एवढे विद्वान इतिहाससंशोधक आणि समोर कोल्हाटणी, नाच्या, सोंगाड्या. त्या बैठकांचा कुणी वग लिहिला नाही, हे मराठी रंगभूमीचे नुकसानच. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकावर बंदी आली ती मात्र लावणीपायी नव्हती. त्यांच्या वगातला सावकार आणि मंत्री प्रेक्षकांना लगेच ओळखू येत होता. अण्णा भाऊंनी त्यावर साधा उपाय केला. तमाशाला लोकनाट्य म्हटले आणि तोच खेळ चालू ठेवला.

युक्रेनच्या विनोदवीरांना इतक्या स्वस्तात सुटता आले नाही. पाव्लो हुबेन्को हा 'ओस्ताप विश्न्या' या नावाने लिहायचा. खेड्यातली माणसे, शिकारीच्या थापा, सरकारी बाबूंचा कारभार असले चुटकेदार लेखन, आणि १९२० च्या दशकात त्याची पुस्तके प्रचंड खपत. १९३३ च्या डिसेंबरात त्याला पकडले. आरोप होता दहशतवादी कटाचा. दहा वर्षे उत्तरेच्या श्रमछावण्यांत काढून तो १९४३ मध्ये सुटला आणि पुन्हा विनोदच लिहू लागला, कारण आता युद्ध चालू होते आणि राजवटीला लोकांना हसवणारा माणूस हवा होता. पुढे महाविद्यालयीन पोरांच्या विनोदी संघांची 'काव्हेएन' ही स्पर्धा सोव्हिएत दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तीही बंद पाडण्यात आली. १९८६ मध्ये ती परत सुरू झाली आणि तिच्याच आखाड्यातून पुढे क्वार्ताल ९५ वर आले.

त्याहूनही मागे गेले तर एक विलक्षण गोष्ट सापडते. आधुनिक युक्रेनी साहित्याची सुरुवातच मुळी एका विडंबनाने झाली. १७९८ मध्ये इवान कोत्ल्यारेव्स्कीचे 'एनेइदा' छापले गेले. व्हर्जिलच्या महाकाव्यातले ट्रॉयचे वीर त्याने झुपकेदार शेंडीचे, दारू पिणारे, भांडकुदळ कोसॅक करून टाकले आणि त्यांच्या तोंडी शेतकऱ्यांची बोली घातली. ती बोली तोवर दरबारात, पोथीत, छापखान्यात कुठेच नव्हती. गंभीर काही लिहिले असते तर कुणी वाचले नसते. हसवण्याच्या मिषाने ती आत शिरली आणि घरच करून बसली. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' आले तेव्हा मालवणी बोलीत अख्खे नाटक ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटली होती. गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ बसवतात आणि महाभारताचा बोऱ्या वाजतो, एवढेच कथानक. सुरुवातीला अडखळलेले ते नाटक पु. ल. देशपांडे यांनी मनापासून वाखाणले आणि त्याचे नशीब पालटले. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच प्रयोगामागून प्रयोग करत हजारोंच्या पार गेला. व्हर्जिल काय आणि व्यास काय, दोघांनाही गावकीत बसवले की गावाला स्वतःचा आवाज ऐकू येतो.

आता मुळातल्या प्रश्नाकडे. महाराष्ट्रात असा कुणी झाला का, ज्याने हशाच्या जोरावर सत्ता मिळवली?

आचार्य अत्रे जवळपास पोचले होते. १९२५ च्या 'झेंडूची फुले'मध्ये त्यांनी कवींची टोपी उडवली आणि पुढे तेच हत्यार मंत्र्यांकडे वळवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १५ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी 'मराठा' दैनिक काढले. त्यांच्या सभेला लोक विचार ऐकायला येत, हे अर्धे खरे; उरलेले अर्धे लोक मोरारजींची खिल्ली ऐकायला येत. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुसंडी मारली, अत्रे आमदार झाले. पण सत्ताधारी बाकावर ते कधी बसलेच नाहीत. आयुष्यभर समोरच्या बाकावरून बोलले आणि बहुधा म्हणूनच त्यांचा विनोद आटला नाही.

दुसऱ्या उदाहरणाचे मूळ आगरदांड्याच्याच रायगड जिल्ह्यात आहे. प्रबोधनकार ठाकरे जन्माने पनवेलचे, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. त्यांचे चिरंजीव बाळ ठाकरे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रे काढत. ती नोकरी सोडून १३ ऑगस्ट १९६० ला त्यांनी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. प्रकाशन झाले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते, म्हणजे ज्यांची चित्रे काढायची त्यांच्याच हस्ते. 'मार्मिक'च्या पानांवर हळूहळू चित्रांशेजारी याद्या येऊ लागल्या. कोणत्या कचेरीत परप्रांतीय साहेब किती, त्यांची नावे काय. मथळा 'वाचा आणि थंड बसा', पुढे 'वाचा आणि उठा'. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. जगात व्यंगचित्राच्या साप्ताहिकातून उभे राहिलेले पक्ष किती असतील कोण जाणे, फार नसावेत. मात्र मंत्र्याचे नाक लांब काढणारी रेघ आणि उडपी हॉटेलवाल्याच्या लुंगीवर हसणारी घोषणा, या दोन्ही एकाच हातातल्या असल्या तरी एका जातीच्या नव्हेत. पहिलीत हसणारा खाली असतो आणि ज्याला हसायचे तो वर. दुसरीत मंत्री हसणाऱ्यांत सामील होऊ शकतो.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे ठाकरे स्वतःच जाहीरपणे सांगत. त्याच सरकारने 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार सुरू केला आणि १९९६ चा पहिला पुरस्कार दिला पु. ल. देशपांडे यांना. सेवा दलाच्या कलापथकासाठी 'पुढारी पाहिजे' लिहिणारे, १९७७ मध्ये आणीबाणीविरुद्ध गावोगाव सभा घेणारे पु. ल. पुरस्कार घेताना तेवढे गप्प बसतील, ही अपेक्षाच भाबडी होती. लोकशाहीत निवडून आलेल्यांनी हुकूमशाहीची भाषा बोलावी, याची खंत त्यांनी त्या भाषणात बोलून दाखवली. ठाकरे भडकले आणि त्यांनी पु.लं.च्या नावातल्या 'पूल'वर मोडकेपणाची कोटी केली. कोटी म्हणून ती वाईट नव्हती. पु.लं.नी स्वतः अशा शेकडो केल्या होत्या. पण या वेळी कोटी करणाऱ्याच्या हातात राज्य होते आणि ऐकणारा आजारी, म्हातारा लेखक होता. ती ऐकून महाराष्ट्र हसला नाही, चपापला.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली. विनोदवीर कुणाल कामराने उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर केलेले विडंबन तिथे चित्रित झाले होते. मोडतोड करणारे शिंदे यांच्या शिवसेनेचे कार्यकर्ते होते. 'मार्मिक'च्या पहिल्या अंकाला तेव्हा ६५ वर्षेही पुरी झाली नव्हती.

झेलेन्स्कींच्या आळीतही असाच एक चटका बसला आहे. युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेच्या माजी प्रमुख वालेरिया होन्तारेवा यांचे कीव्हजवळचे घर २०१९ च्या सप्टेंबरात जळाले. जाळल्याचा संशय होता. पुढच्याच महिन्यात क्वार्ताल ९५ ने नामांकित लोकगीतवृंदाला सोबत घेऊन जळत्या पाइन वृक्षाच्या जुन्या गाण्यात झाडाच्या जागी घर घालून विडंबन सादर केले. निशाण्यावर होन्तारेवा. वर्षभरापूर्वी हेच गाणे झाले असते तर बड्या बाईची जिरवली म्हणून टाळ्या पडल्या असत्या. आता फडाचा जुना म्होरक्या राष्ट्राध्यक्ष होता. लोक संतापले आणि त्या गायकवृंदाला माफी मागावी लागली.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचे रणगाडे सीमा ओलांडून आले आणि वर-खालीचे गणित पुन्हा फिरले. कीव्हमध्ये कितीही मोठ्या खुर्चीवर बसलेला माणूस मॉस्कोसमोर लहानच होता. त्याच दिवशी काळ्या समुद्रातल्या सर्पद्वीपावरच्या पहाऱ्यातून शरण या म्हणणाऱ्या रशियन युद्धनौकेला बिनतारी यंत्रावर एक सणसणीत शिवी गेली. एप्रिलमध्ये युक्रेनच्या टपाल खात्याने त्या प्रसंगाचे तिकीट काढले. किनाऱ्यावर एकटा सैनिक, समोर जहाज, आणि सैनिकाच्या हाताचे एकच बोट वर. तिकीट निघून दोन दिवस होतात न होतात तोच ती 'मोस्क्वा' युद्धनौका बुडाली आणि टपाल कचेरीसमोरच्या रांगा आणखी लांबल्या. शिमग्यातल्या फाकेला सरकारी शिक्का मिळाल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. त्या देशाला मात्र ते ओळखीचेच. सुलतानाला शिवराळ उत्तर लिहीत खदखदा हसणाऱ्या कोसॅकांचे इल्या रेपिनचे चित्र १८९१ मध्ये पुरे झाले आणि ते काढणारा खारकीव्हजवळच्या चुहुइव्हचा.

झेलेन्स्की नावाचा नट मात्र आता नकला करत नाही. करता येणारही नाहीत. त्याच्या नकला इतर करतात.

दक्षिण रायगडातल्या वाड्यांवर नमन-खेळे उभे राहतात तेव्हा गण आणि गौळण झाली की वग लागतो. राजाचे सिंहासन म्हणजे शेजारच्या घरातून आणलेली हाताची खुर्ची, वर जरीचे लुगडे. पहाटे खेळ सुटला की लुगड्याची घडी होते आणि राजाचा मुकुट ट्रंकेत जातो. ज्या घरची खुर्ची असेल तिथे ती उजाडायच्या आत पोचवावी लागते, कारण त्या घरातल्या म्हाताऱ्याला सकाळचा चहा तिच्यावर बसूनच प्यायचा असतो.