टिनचा डबा, आई आणि माझं बीपी

"हे काय भरून ठेवलंयस कपाटात? मेलेलं अन्न नुसतं!"

आईच्या एका हातात छोल्यांचा डबा, दुसऱ्या हातात स्वीट कॉर्नचा. आणि मी? मी मान खाली घालून लॅपटॉपवर टाइप करत असल्याचं नाटक करत होते.

आई रत्नागिरीहून मिळेल ती गाडी पकडून पुण्याला आली त्याला कारणही तसंच होतं. इन्शुरन्स पॉलिसीसाठी माझं मेडिकल झालं आणि बीपी निघालं 142/92. वय वर्षं 28! आमच्या बाबांना चाळिशीत गोळी सुरू झाली ती आजतागायत चालू आहे, त्यामुळे घरात हा आकडा ऐकून काय झालं असेल याची कल्पना करा. डॉक्टरबाई मात्र शांत होत्या. "एका रीडिंगवर घाबरू नकोस. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोज. आणि दिवसभर काय काय खातेस ते वहीत लिहून आण."

आईला वहीची गरजच नव्हती. तिला आरोपी सापडला होता.

आता बचाव पक्षाची बाजू ऐका. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो. तिघींच्या कामाच्या वेळा तीन तऱ्हेच्या, पोळीवाल्या मावशींच्या सुट्ट्या चौथ्याच तऱ्हेच्या. रात्री साडेनऊला घरी आल्यावर छोले भिजत घालायला कुणाला आठवतं? पण खरं सांगायचं तर मलाही मनातून ते डबे खातानाअपराधीच वाटायचं. म्हटलं, एकदा नीट बघूनच टाकू.

कुकरचा मोठा भाऊ

पहिला धक्का असा, की टिनमधलं अन्न टिकतं ते प्रिझर्वेटिव्हमुळे नाही. अन्न डब्यात भरायचं, हवाबंद करायचं आणि मग तापवायचं, बस्स! छोले, कॉर्न, मासे अशा कमी आंबट पदार्थांना साधारण 121 अंशांपर्यंत तापवतात, कारण बोट्युलिझमचे चिवट जंतू नुसत्या उकळण्याला दाद देत नाहीत. हे काम करणारं यंत्र म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा मोठा भाऊच. टोमॅटो किंवा आंब्याचा रस मुळात आंबट, त्यांचं कमी तापमानावर भागतं.

ही युक्ती फ्रान्सच्या निकोला आपेर या मिठाईवाल्याची. 1810 मध्ये त्याला सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळालं. तो काचेच्या बाटल्या वापरायचा, टिनच्या डब्याचं पेटंट त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निघालं. गंमत म्हणजे डबा उघडायचा ओपनर यायला पुढे काही दशकं गेली. तोवर लोक छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे. (आमचे बाबा अजूनही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतात, पण ते नंतर.)

मग पोषणाचं काय? इतकं तापवल्यावर सी जीवनसत्त्व आणि बी गटातली काही घटतात, हे खरंच. पण प्रथिनं आणि फायबर बऱ्यापैकी शाबूत राहतात. टोमॅटोतलं लायकोपीन तर शिजवल्यावर शरीराला जास्त सहज मिळतं. डब्यातल्या तारल्यांचे काटे इतके मऊ होतात की ते खाता येतात, म्हणजे कॅल्शियमची चंगळ. 'मेलेलं अन्न' एवढंही मेलेलं नव्हतं तर!

वहीने केलेला घोळ

पण माझा प्रश्न मिठाचा होता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा. सोडियमच्या भाषेत 2000 मिलिग्रॅम. माझ्या छोल्यांच्या डब्यावर लिहिलं होतं, 100 ग्रॅमला 290. मी एका वेळी अर्धा डबा खाते, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. त्यातही डब्यातलं पाणी ओतून छोले नळाखाली खळखळून धुतले, तर सोडियम साधारण तिसऱ्या हिश्शाने किंवा थोडं जास्तच कमी होतं. मी आजवर ते पाणी भाजीत ओतत होते. शाबास!

मग नूडल्सचं पाकीट उलटं केलं. सत्तर ग्रॅमच्या पाकिटात 900! वहीत त्या आठवड्यात नूडल्स चार वेळा होत्या. डबा दोनदा. बाकी फरसाण, मंचुरियन, रात्री मागवलेली बिर्याणी... आणि रोज, अगदी रोज, आईने पाठवलेलं कैरीचं लोणचं. त्या बरणीला लेबल कुठलं असणार? डब्यात टिकवायचं काम उष्णता करते, मीठ असतं चवीपुरतं. लोणच्यात मात्र टिकवायचं कामच मीठ करतं.

हे आईला सांगायला धाडस लागलं. ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "लोणचं बोटभर खायचं असतं. तू भाजीसारखं खातेस." मुद्दा बरोबर होता.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी डब्याची तुलना मंडईतल्या ताज्या भाजीशी करत होते आणि तिथे डबा हरणारच. पण रात्री साडेनऊला माझ्यासमोर मंडई नसते, असतात नूडल्स आणि फोनवरचं बिर्याणीचं ॲप.

म्हणून सगळेच डबे सोज्वळ, असं मुळीच नाही. पाकातले अननस आणि रसगुल्ले हे सरळ गोडाचे प्रकार, त्यांना फळ किंवा दूध म्हणून स्वतःला फसवू नये. बेक्ड बीन्सच्या सॉसमध्ये मीठही असतं आणि साखरही. डब्याच्या आतल्या अस्तरात वापरलं जाणारं बीपीए हे रसायन तर युरोपियन युनियनला इतकं खटकलं की डिसेंबर 2024 मध्ये त्यावर बंदीचा निर्णय झाला, बदलासाठी कंपन्यांना मुदत देऊन. त्यामुळे मीही सातही दिवस डबा उघडत नाही. शिवाय भिजवलेले छोले कितीतरी स्वस्त पडतात! आता रविवारी अर्धा किलो शिजवून फ्रीझरमध्ये टाकते. रविवार हुकला की टिन. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा चाखूनही न बघता फेकायचा, आणि उघडल्यावर उरलेलं स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून दोन-तीन दिवसांत संपवायचं, एवढं मात्र कटाक्षाने पाळते.

तीन महिन्यांनी बीपी 128/82 आलं. नूडल्स बंद, लोणचं बोटभर, संध्याकाळी टेकडी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मोजत राहा." गोळी तूर्त तरी नाही.

आणि आईचं काय? आमच्या चार कलमांचा मेअखेरचा आंबा दरवर्षी कॅनिंगला जातो आणि दसऱ्याला घरी आमरसाचा डबा फुटतो. बाबा, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं साग्रसंगीत. यंदा मी तो डबा हातात घेऊन लेबल वाचायला लागले. आंब्याचा गर, साखर, सायट्रिक ॲसिड.

"आई, हेही मेलेलं अन्नच की गं!"

"गप्प बस," आई म्हणाली. "हा आपला आंबा आहे." मग जरा वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "बिनसाखरेचाही मिळतो म्हणे. पुढच्या वर्षी तोच सांगू. बाबांना बोलू नकोस पण."